वाचकांचे प्रश्न : निबंध स्पर्धेला लेख पाठवताना

एका साहित्यविषयक मासिकाने जाहीर केलेल्या राष्ट्रीय निबंध स्पर्धेचे निवेदन आम्ही मागील अंकात दिले होते. स्पर्धेचा विषय ‘माझ्या परिसरातील नाहीशी होत चाललेली एक जागा’ असा आहे. निबंध कोणत्याही भारतीय भाषेत, 3000 शब्दांच्या आत आणि पूर्वी अप्रकाशित असावा, तसेच मूळ लेखन हिंदी वा इंग्रजीत नसल्यास या दोहोंपैकी एका भाषेतील अनुवाद सोबत जोडावा, अशा तिच्या मुख्य अटी आहेत. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक सांगली जिल्ह्यातील निघाली, तेव्हा या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होतो, आता निवृत्त होऊन हरिपुरात राहतो. हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवण्याच्या जमिनीखालच्या कोठारांवर, मी निबंध लिहिला आहे. मुलगी म्हणते, भाषा फार साधी असल्यामुळे तो शाळेतल्या निबंधासारखा वाटतो. शिवाय निबंध म्हणजे नेमके काय, ललित लेख पाठवला तर चालेल का, हेही उमगत नाही. निबंधाची प्रत सोबत जोडली आहे. — एक वाचक, हरिपूर

उत्तर : आपला निबंध शाळेतल्यासारखा वाटतो हे आपल्या मुलीचे निरीक्षण अचूक आहे, मात्र त्याचा दोष तिने भाषेला दिला आहे, तो पटण्यासारखा नाही. भाषा साधी आहे आणि ती तशीच राहू द्यावी. शाळा दिसते ती मांडणीत. प्रस्तावना, महत्त्व, फायदे, तोटे आणि शेवटी ‘म्हणूनच आपण सर्वांनी मिळून हा वारसा जपला पाहिजे’ असा उपसंहार, हा दहावीच्या उत्तरपत्रिकेत गुण मिळवून देणारा साचा आपल्याकडे इतका अंगवळणी पडला आहे की, पुढे आयुष्यभर कोणी निबंध म्हटले की हात आपोआप त्याच वाटेने जातो.

आपला निबंध ‘भारत हा कृषिप्रधान देश असून हळदीला भारतीय संस्कृतीत अनन्यसाधारण महत्त्व आहे’ या वाक्याने सुरू होतो. त्यानंतर हळदीचे औषधी गुण येतात, लग्नातली हळद येते, सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन येते. हे सगळे खरे आहे, आणि हळदीविषयी लिहिणारा कोणीही, सांगली न पाहता, ते लिहू शकतो. पेव येते ते थेट चौथ्या पानावर. तिथे आपण लिहिले आहे : ‘पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड बराच वेळ मोकळे ठेवीत, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडीत. कंदील विझला तर हमाल त्या दिवशी उतरायला तयार होत नसत आणि दुकानदारही आग्रह करीत नसे.’ माझ्या मते आपला निबंध इथे सुरू होतो. आधीची तीन पाने काढून टाकावीत. मानांकनाचा उल्लेख हवाच असेल, तर तो पुढे एका ओळीत येऊ शकतो.

या तीन वाक्यांत काय काय आहे ते पाहा. बंद पेवात साचलेल्या हवेने माणूस गुदमरतो, हे ज्ञान आहे. ते ज्ञान कोणत्या पुस्तकातून आलेले नाही, कंदिलाच्या वातीवर तपासलेले आहे. हमाल आणि मालक यांच्यात एका गोष्टीपुरता न बोलता झालेला करारही त्यात आहे. गुवाहाटीच्या किंवा कोझिकोडच्या वाचकाला पेव ठाऊक नाही, म्हणून त्याची व्याख्या देत बसण्याचे कारण नाही. कंदील खाली जातो आहे तोवर, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे आणि आत पोट रांजणासारखे मोठे, तळाशी आणि कडेने पाल्याचा थर, त्यावर हळकुंडे, असे आपण सांगत गेलात तर वाचक आपोआप आत उतरतो. या मातीत पाणी का झिरपत नसे आणि माल वर्षानुवर्षे किडीवाचून कसा राही, हे त्याच ओघात येऊ द्यावे.

आता निबंध आणि ललित लेख यांविषयी. जानेवारी 1874 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिचे 84 अंक निघाले. त्या काळापासून मराठीत निबंध म्हणजे वाद घालणारे, पुरावे देणारे, वाचकाला आपल्या बाजूला ओढणारे गद्य असा अर्थ रूढ झाला. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेल्या आगरकरांनी तो बाणा ‘केसरी’तून आणि पुढे 1888 पासून ‘सुधारका’तून चालवला. विसाव्या शतकात मात्र फडके, खांडेकर या मंडळींनी लघुनिबंध रुळवला, ज्यात लेखक वाचकाशी गप्पा मारत एखाद्या साध्या गोष्टीभोवती फिरतो; खांडेकर तर 1898 साली सांगलीतच जन्मले. लघुनिबंधाचे पुढे काय झाले आणि ललित लेखाच्या नावाखाली किती धुके लिहिले गेले, यावर कधीतरी स्वतंत्र लिहायला हवे. आजच्या साहित्यिक मासिकाला या दोन्ही घराण्यांचे लेखन निबंध म्हणून चालते. परीक्षक बहुधा इतकेच पाहतात की लिहिणाऱ्याने काही पाहिले आहे का, आणि जे पाहिले त्याविषयी त्याला काही प्रश्न पडला आहे का. नुसत्या आठवणी असतील तर स्मरणरंजन होते, आणि नुसता प्रश्न असेल तर वर्तमानपत्राचा अग्रलेख.

आपल्या निबंधात पाहिलेले भरपूर आहे, पण प्रश्न विचारायचा राहून गेला आहे. ‘2005 च्या महापुरात पाणी शिरून पेवे खचली आणि ही परंपरा नष्ट झाली’ असे लिहून आपण विषय मिटवला आहे. पूर कृष्णेला त्याआधीही येत होते. मग या वेळी खचलेली पेवे पुन्हा का घेतली गेली नाहीत? शीतगृहे आणि गोदामे हाताशी होती म्हणून? गोदामाच्या पावतीवर बँक उचल देते आणि जमिनीखालचा माल बँकेच्या अधिकाऱ्याला दिसत नाही म्हणून? पेवात उतरून काम करणारी पुढची पिढी मिळेना म्हणून? पेवातला माल जागचा न हलता या व्यापाऱ्याकडून त्या व्यापाऱ्याकडे वहीवरच कसा जाई, त्यात शब्दावर किती चाले आणि कागदावर किती, हे सांगू शकणारा माणूस कोण, तर ती वही लिहिणारा दिवाणजी. आपण आयुष्यभर जे केले त्याविषयी निबंधात अवाक्षर नाही, आणि हळदीच्या औषधी गुणांवर मात्र दोन पाने खर्च झाली आहेत.

एक बारीक सूचना. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले, धोक्याची पातळी 45 फूट असते, हे आकडे आपण दिले आहेत ते ठेवावेत. पण बाहेरच्या वाचकाला आयर्विन पुलाचे फूट कळत नाहीत. हरिपुरात आपल्या घराच्या कोणत्या पायरीपर्यंत पाणी होते, हे त्यांच्या शेजारी लिहावे. आणि 3000 शब्दांची मर्यादा म्हणजे 3000 भरलेच पाहिजेत असे नव्हे. तीन पाने गेल्यावर उरेल तेवढे, आणि वहीचा मजकूर वाढवाल तेवढे, पुरेसे आहे.

प्रश्न : मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील एका बंद पडलेल्या कारखान्यावर मी मराठीत लिहिले आहे. हिंदी अनुवाद शाळेतील माझी सहकारी करून देण्यास तयार आहे. तिचे नाव द्यावे लागेल का? की मीच सरळ हिंदीत लिहावे? — एक शिक्षिका, मिरज

उत्तर : सहकारी भगिनींचे नाव द्यावेच लागेल, आणि ते सौजन्य म्हणून नव्हे. कायद्याच्या दृष्टीने अनुवाद ही स्वतंत्र कृती असते आणि तिचा हक्क अनुवादकाचा असतो. मूळ लेख आपला असल्यामुळे अनुवादाला परवानगी आपण द्यायची, आणि तो अनुवाद स्पर्धेला पाठवण्याची व पुढे छापण्याची परवानगी त्यांनी आपल्याला द्यायची. दोघींनी हे एका कागदावर चार ओळींत लिहून सही करून ठेवावे. मैत्रीत कसले कागद, असे वाटणे साहजिक आहे. पण निबंधाला बक्षीस मिळाले आणि अनुवादाच्या मानधनाचा विषय निघाला की अवघडल्यासारखे दोघींनाही होते.

ज्या भाषेत आपण कारागिरांशी बोललात, त्याच भाषेत लिहावे. मात्र अंतिम फेरीतील परीक्षकांपैकी मराठी जाणणारा एखादाच असेल, कदाचित नसेलही, हे गृहीत धरून अनुवादाला मूळ लेखाइतकाच वेळ द्यावा. मराठी न येणाऱ्या कोणाला तरी तो मोठ्याने वाचून दाखवावा, आणि ऐकणारा जिथे चुळबुळ करतो तिथे खूण करून ठेवावी. कारागिरांचे शब्द, तुंबा, घोडी, जवारी, तसेच ठेवून हातांचे काम दाखवावे. तळटिपा मात्र देऊ नयेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आपण लिहिता तो कारखाना तरीही बंद आहे, हा विरोध आपल्या लेखात शेवटच्या परिच्छेदात घाईने आला आहे. त्याला अधिक जागा द्यावी.

प्रश्न : आमच्या भागातील बरीच कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायासाठी देशभर गेलेली आहेत. कुलूप लावलेल्या घरांच्या एका आळीवर मी निबंध लिहिला आहे. आपण निवेदन दिलेल्या स्पर्धेबरोबरच आणखी एका स्पर्धेची नियमावली माझ्या हाती आली. तिच्यात ‘आलेल्या सर्व प्रवेशिकांचे सर्व हक्क संयोजकांकडे राहतील’ असे आहे. असे सगळीकडेच असते का? आणि एकच निबंध दोन्हीकडे पाठवावा का? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, विटा

उत्तर : सगळीकडे असे नसते, आणि जिथे असते तिथे सही करण्यापूर्वी थांबावे. भारतीय कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्याप्रमाणे लेखाचा पहिला हक्कदार लेखकच असतो, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही, आणि हा हक्क लेखकाच्या हयातीत व त्यानंतर 60 वर्षे टिकतो. (मासिकाच्या नोकरीत राहून लिहिणाऱ्यांचा नियम वेगळा आहे; तो तुम्हाला लागू नाही.) हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम 19 प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी, हे त्यात नमूद असावे लागते. काळ लिहिलेला नसेल तर पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत, असे कायदा धरून चालतो. एवढ्यावरून ‘सर्व हक्क’ या मोघम ओळीला अर्थ नाही असे मात्र समजू नये. नियमावली मान्य असल्याची सही तुम्ही प्रवेशिकेवर केलीत, तर ती ओळ तुमच्याविरुद्ध दाखवली जाऊ शकते आणि ते निस्तरण्यात वेळ तुमचाच जातो.

संयोजकांना खरी गरज कशाची असते? विजेता निबंध आपल्या मासिकात सर्वांत आधी छापण्याची, आणि फार तर पुढे निवडक निबंधांच्या संग्रहात घेण्याची. यासाठी प्रथम प्रसिद्धीचा हक्क आणि संग्रहाची परवानगी एवढे पुरते. ज्यांना बक्षीस मिळणार नाही, त्यांच्या निबंधांवर संयोजकांनी हक्क का सांगावा, याचे उत्तर त्या नियमावलीत नाही, आणि माझ्या मते ते असूही शकत नाही. तुम्ही त्यांना विनयाने पत्र लिहून विचारावे की, ही अट फक्त विजेत्यांपुरती आणि फक्त प्रथम प्रसिद्धीपुरती आहे का. पुष्कळदा कोणीतरी जुन्या नियमावलीतून उतरवून घेतलेली ओळ असते आणि विचारल्यावर ती बदलतात. उत्तर आलेच नाही तर त्या स्पर्धेचा नाद सोडावा. आम्ही निवेदन दिलेल्या स्पर्धेत अशी अट नाही. तिथे विजेत्या निबंधाचा केवळ प्रथम प्रसिद्धीचा हक्क मागितला आहे.

हक्क दिला तरी एक गोष्ट लेखकाकडेच राहते, ती येथेच सांगतो. कलम 57 प्रमाणे लेखावर आपले नाव असण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार हक्क दिल्यावरही लेखकाकडे राहतो. संपादक काटछाट करतील, तो त्यांचा व्यवसाय आहे. पण गावच्या कुलपांवरचा तुमचा लेख कोणी एखाद्या योजनेची जाहिरात करून छापला, तर तुम्ही गप्प बसण्याचे कारण नाही.

एकच निबंध दोन्हीकडे पाठवू नये. दिवाळी अंकांच्या हंगामात एकच लेख तीन संपादकांकडे धाडून जो आधी छापेल त्याचा, असे मानणारे लेखक आपल्याकडे कमी नाहीत, आणि संपादकांनीही मानधन बुडवून तो हिशेब बरोबरीत आणलेला आहे. स्पर्धेत मात्र याला क्षमा नसते. एका निबंधाचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्या निबंधाची तयारी करावी.

प्रश्न : प्रवेश शुल्क मागणारी स्पर्धा फसवी समजावी का? — एक वाचक, तासगाव

उत्तर : शुल्क आहे एवढ्यावरून फसवी म्हणता येणार नाही. अनुदान नसलेल्या मासिकाला टपाल, वाचन आणि परीक्षकांचे मानधन यांचा खर्च असतोच. शुल्क भरण्यापूर्वी त्या मासिकाचे मागचे दोन-तीन अंक सांगलीच्या एखाद्या वाचनालयात मिळतात का ते पाहावे, मागील वर्षीचा विजेता निबंध त्यात छापला आहे का ते पाहावे, आणि परीक्षकांची नावे जाहीर होतात का ते पाहावे. ‘आपली निवड झाली आहे, आता प्रमाणपत्रासाठी आणि संग्रहाच्या प्रतींसाठी रक्कम पाठवा’ असे पत्र आले, तर मात्र ती निबंध स्पर्धा नसून पुस्तके खपवण्याचा धंदा आहे.

प्रश्न : मी दुष्काळी भागातील एका आटलेल्या विहिरीवर लिहिले आहे. माझे शुद्धलेखन कच्चे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने लेख सुधारून घेतला तर नियमभंग होईल का? — एक शेतकरी वाचक, जत

उत्तर : या स्पर्धेच्या प्रवेशिकेत निबंध स्वतःच लिहिल्याचे प्रतिज्ञापत्र आहे. शुद्धलेखन तपासून घेण्याला हरकत असल्याचे त्यात कुठे म्हटलेले नाही. मजकूर तयार करून घेण्याला आहे. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करणे आणि वाक्य नव्याने लिहून घेणे यांतील सीमा यंत्र पाळत नाही. ‘फक्त शुद्धलेखन’ म्हणून दिलेला लेख परत येतो तेव्हा त्यातली विहीर ‘जलसंस्कृतीची मूक साक्षीदार’ झालेली असते. आपल्या पत्रातच एक वाक्य आहे : ‘मोटेचा दगड अजून आहे, त्यावर सोलाची खाच आहे, त्या खाचेत आता मुंगळे राहतात.’ हे कोणत्याही सुधारणेतून शाबूत बाहेर येणार नाही. गावातील मराठीच्या शिक्षकांकडून पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ पाहून घ्यावेत, आणि ‘सोल’ हा शब्द काढून तिथे ‘दोरखंड’ लिहा असे त्यांनी सुचवले, तर तेवढे ऐकू नये. परीक्षक शुद्धलेखनाच्या दोन-चार चुकांवर निबंध बाद करीत नाहीत.

प्रश्न : माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन भरते, तिथे मी कृष्णेच्या घाटावरचा माझा लेख वाचला होता. तो आता अप्रकाशित धरला जाईल का? आणि माझ्यासारखीचा लेख तिथे कोणी वाचेल का? — एक वाचिका, पलूस

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नियमावलीत शिक्षणाची अट नाही, आणि पहिल्या फेरीत निबंधांवरील नावे व पत्ते झाकलेले असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला तुमची सातवी कळण्याची सोय नाही. तशीही मराठी निबंधाला शिक्षणाची पायरी आड आलेली नाही. 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ने मांग-महारांच्या दुःखाविषयीचा जो निबंध छापला, तो फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मुलीने लिहिलेला होता, आणि आजही मराठी निबंधाचा इतिहास सांगताना तो वगळून पुढे जाता येत नाही.

संमेलनात वाचलेला लेख सामान्यतः अप्रकाशितच धरतात. मात्र तीन गोष्टी तपासून घ्याव्यात : तो संमेलनाच्या एखाद्या स्मरणिकेत छापला गेला आहे का, स्थानिक वर्तमानपत्राने त्यातला मजकूर उचलला आहे का, आणि तुमच्या वाचनाची चित्रफीत कोणी समाजमाध्यमावर टाकली आहे का. पहिल्या दोहोंपैकी काही झाले असेल तर तो लेख या स्पर्धेसाठी बाद समजावा आणि दुसरा लिहावा. चित्रफितीविषयी नियमावलीत स्पष्टता नाही, म्हणून संयोजकांना आधीच कळवावे आणि त्यांचे उत्तर जपून ठेवावे. कळवताना लेखाचे शीर्षक लिहू नये, अन्यथा नाव झाकण्याचा उद्देशच उरत नाही. पाठवताना धारिकेच्या नावात, शीर्षलेखात आणि मजकुरात कुठेही तुमचे नाव राहिलेले नाही हे पाहावे. लेखात तुम्ही स्वतःला सासूबाईंच्या तोंडून नावाने हाक मारून घेतली आहे, तेवढी ओळ बदलावी.